मदत हवी आहे : तातार दंतकथांतला पुगाचोव, तोतया की पातशहा?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनगटासाठी व्होल्गाकाठच्या तातार लोकांच्या काही दंतकथा मराठीत आणते आहे. मला तातार येत नाही, रशियनवरून करते आहे. आठवडाभर एकाच शब्दापाशी अडले आहे.

कथा येमेल्यान पुगाचोवच्या. डॉनकाठचा हा कसाक (रशियाच्या सीमेवरचा लढवय्या) १७७३ मध्ये याइक नदीकाठी उभा राहिला आणि म्हणाला, मीच रशियाचा त्सार म्हणजे राजा तिसरा पीटर, बायकोने, कॅथरीनने, गादीवरून घालवलेला. खरा पीटर १७६२ मध्येच मारला गेला होता. छातीवरचे जुने व्रण पुगाचोवने राजचिन्हं म्हणून दाखवले आणि लोकांनी मानले. रशियन शेतकऱ्यांबरोबर बश्कीर आले, तातार आले. त्याची फर्मानं अरबी लिपीत, त्यांच्या भाषेतही निघत. जमीन तुमची, पाणी तुमचं, धर्म तुमचा. १७४० च्या दशकात काझान जिल्ह्यातल्या ५३६ मशिदींपैकी ४१८ पाडल्या गेल्या होत्या. ज्यांनी ते पाहिलं त्यांना 'धर्म तुमचा' हे शब्द कसे लागले असतील!

इतिहासाच्या हिशेबाने तो तोतयाच. आपल्याकडे हा शब्द म्हटला की सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो. पुगाचोवला मॉस्कोत जानेवारी १७७५ मध्ये मारलं, भाऊंच्या तोतयाला पुण्यात १७७६ मध्ये. पण 'तोतया' म्हटलं की निकाल लागून जातो, कथेतला माणूस खोटा ठरूनच आत येतो. सांगणाऱ्या आजोबांसाठी मात्र तो राजा होता. तातारमध्ये राजाला 'पातशा' म्हणतात, म्हणजे आपला पातशहाच. म्हणून निवेदनात 'त्सार' न लिहिता 'पातशहा' लिहावं असं मला वाटतं.

अडचण अशी की तातार लोक कॅथरीनलाही 'एबी पातशा', आजी-राणी, म्हणतात, तेही मायेने. १७६७ मध्ये ती काझानला आली आणि दगडी मशिदी बांधायला परवानगी मिळाली, ती आठवण. जिच्याविरुद्ध बंड ती आजी आणि बंड करणारा पातशहा. दोघांना एकच शब्द ठेवला तर वाचक गोंधळेल का? मला तो गोंधळ ठेवावासा वाटतो. लोकांच्या आठवणीत दोघंही आहेत, मी कोण एकाला काढणार?

एक प्रसंग मनातून जात नाही. जुलै १७७४ मध्ये त्याने काझान घेतलं तेव्हा त्याची खरी बायको सोफिया आणि मुलं तिथेच कैदेत होती. समोर आल्यावर त्याने सांगितलं, ही माझ्या मित्राची, पुगाचोव नावाच्या कसाकाची बायको. तिला सांभाळा. राजा राहायचं तर बायकोला बायको म्हणता येत नाही. आणि इकडे पार्वतीबाईंनी भाऊ परत येतील म्हणून कुंकू पुसलं नाही.

तर विचारायचं हे. मूळ तातार 'रिवायत', म्हणजे दंतकथा, कुणी वाचल्या आहेत का? (सांगली-कोल्हापूरकडे मोहरमच्या गाण्यांनाही आपण रिवायत म्हणतो, शब्द पाहून फार आनंद झाला.) त्यांत त्याला पातशा म्हणतात, बातीर म्हणजे वीर म्हणतात, की नुसतं नाव घेतात? दुसरं, भाऊंच्या तोतयाला खरा मानणाऱ्यांच्या बाजूने रचलेला एखादा पोवाडा किंवा ओवी कुणाच्या ऐकण्यात आहे का? विश्वास ठेवणारी माणसं मराठीत कशी बोलतात ते मला ऐकायचं आहे. चार ओळी मिळाल्या तरी चालतील.