विद्यापीठानं गाडी काढून गावोगाव फिरावं का? (सॅस्कॅचवान, १९०७ ते १९२२)

कोरडवाहू

कॅनडातल्या सॅस्कॅचवान प्रांतातल्या सॅस्काटून शहरात माझे सात हिवाळे झाले. इथल्या विद्यापीठाच्या आवारात एक जुना गोठा आहे, तळमजला दगडी, वर लाकडी. पाहुणे आले की मी आधी तिथंच नेतो आणि ते विचारतात, अरे विद्यापीठ दाखव म्हटलं तर गोठा काय दाखवतोस. तर तोच माझा मुद्दा आहे.

थोडी पार्श्वभूमी. सॅस्कॅचवान प्रांत झाला १९०५ ला. १९०१ ला तिथं जेमतेम ९१ हजार माणूस होतं आणि १९११ ला ४ लाख ९२ हजार, म्हणजे दहा वर्षांत पाचपट! दहा डॉलर फी भरायची, १६० एकर गवताळ रान घ्यायचं आणि नांगर घालायचा. असल्या ठिकाणी, जिथं धड शाळा नव्हत्या तिथं, १९०७ ला विद्यापीठाचा कायदा केला. पुढच्या वर्षी अध्यक्ष म्हणून आले वॉल्टर मरे, हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे. १९०९ च्या सप्टेंबरात वर्ग भरले ते गावातल्या एका व्यापारी इमारतीत, विद्यार्थी ७०.

मरे आणि नियामक मंडळातली मंडळी अमेरिकेतली विद्यापीठं बघून आली होती आणि विस्कॉन्सिन राज्याचं विद्यापीठ त्यांच्या डोक्यात बसलं होतं. तिथला विचार असा की विद्यापीठाची हद्द म्हणजे अख्ख्या राज्याची हद्द. मरेंनी सुरुवातीच्या अहवालातच लिहून टाकलं की विद्यापीठाचं ब्रीद सेवा, आणि सेवेचं कुठलंच रूप विद्यापीठाला फार हलकं नाही की फार उच्च नाही. शेतकी कॉलेज वेगळं कुठंतरी न काढता त्याच आवारात आणलं. शेजारच्या मॅनिटोबा प्रांतात शेतकी कॉलेज वेगळं होतं हे लक्षात घ्या. इथं गोठा आणि तत्त्वज्ञानाचा वर्ग शेजारी शेजारी. शेतकीचे पदवीचे वर्ग १९१२ ला सुरू झाले पण गावोगावची व्याख्यानं त्याच्या आधीच चालू होती, म्हणजे आधी शेतकरी मग विद्यार्थी.

आणि १९१४ पासून ती गाडी. बेटर फार्मिंग ट्रेन! विद्यापीठ, प्रांताचं शेती खातं आणि रेल्वे कंपन्या मिळून. एका डब्यात गुरं, एकात बियाणं नि पिकं, एकात अवजारं, एक डबा बायकांसाठी घरकामाचा, आणि पोरं सांभाळायलासुद्धा एक डबा. स्टेशनात गाडी उभी, लोक लांबून घोडागाड्या जुंपून यायचे, तज्ज्ञ बोलायचे, प्रश्नोत्तरं झाली की गाडी पुढच्या गावाला. १९२२ पर्यंत चाललं हे.

माझं मत स्पष्ट आहे, विद्यापीठ असं असावं. हाणा आता.

बेरकी_बोका

हाणतोच. रेल्वे कंपन्या काय पुण्य कमवायला इंजिन देत होत्या का? शेतकऱ्यानं जास्त गहू पिकवला तर तो वाहणार कोण, रेल्वेच. आमच्याकडे खत कंपनी मेळाव्यात चहा-बिस्किटं देते तेव्हा आपण तिला समाजसेवा म्हणतो का? आणि विद्यापीठाचंही तसंच आहे, पैसा सरकारचा, सरकार मतांचं, मतं शेतकऱ्यांची. गावात दिसलो नाही तर पुढच्या वर्षी अनुदानाला कात्री. सेवा वगैरे ठीक आहे पण ते गरजेचं शहाणपण होतं.

विस्तार_अधिकारी_नि.

बोकोबा, तीस वर्षं कृषी विस्तारात, म्हणजे शेतीचं ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेण्याच्या कामात, घासली आहेत म्हणून बोलतो. हेतू कुणाचा काय होता हे शेतकरी विचारत नाही, तो विचारतो बियाणं कुठलं नि पेरू कधी. त्या भागात पाऊस बेभरवशाचा, पावसाळा म्हणावा असा नाहीच, आणि हंगाम इतका आखूड की पीक आठ दिवस उशिरा आलं तर थंडी खाऊन टाकते. मार्क्विस नावाचा लवकर येणारा गहू तिथं पसरला म्हणून लोक तगले. रॉस्थर्नच्या सीगर व्हीलर या शेतकऱ्यानं १९११ ला न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ह्याच मार्क्विसवर बक्षीस मिळवलं, ते सुद्धा हजार डॉलरचं सोनं. आता असलं वाण आहे हे शंभर मैलांवरच्या माणसाला कळणार कसं? पत्रकानं? पत्रकाची पुडी होते हो. दाणा हातात घेऊन बघितल्याशिवाय शेतकरी हलत नाही, हे मी राहुरीत पदवी घेतली तेव्हा कुणी शिकवलं नाही, नंतर बांधावर उभं राहून कळलं.

प्राध्यापक_महोदय

मी वेगळ्या बाजूनं विरोधात आहे. असल्या फिरतीनं विद्यापीठाचा आत्मा जातो. आणि कोरडवाहू यांनी सोयीस्करपणे १९१९ गाळलं. विस्तार विभागाचेच संचालक सॅम्युअल ग्रीनवे, त्यांनीच सरकारकडे जाऊन अध्यक्षांवर अहवालात खोटेपणा केल्याचा आरोप केला. मग प्राध्यापकांनी मरेंवर विश्वासाचा ठराव केला, ज्यांनी साथ दिली नाही त्यातल्या चौघांना नियामक मंडळानं काढलं. ग्रीनवे, रसायनशास्त्राचे मॅक्लॉरिन, भौतिकीचे हॉग आणि कायद्याचे मॅके. कारणं नीट सांगितलीसुद्धा नाहीत, आणि अध्यक्षांची स्वतःची तब्येत ह्या ताणानं कोसळली. तर ही तुमची सेवा! बाहेर शेतकऱ्यापुढे हात जोडायचे आणि आत प्रश्न विचारला तर घरी.

कोरडवाहू

गाळलं नाही सर, धागा लांबत होता. पण १९२० ला न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली आणि मंडळाचा निर्णय कायम राहिला हे तुम्ही गाळलंत की. कारणं न देता काढणं चूक, ते मान्य. पण त्यावरून बांधावर जाणं चूक कसं ठरतं? ते भांडण हिशोबाचं, अधिकाराचं आणि स्वभावाचं होतं. असली भांडणं नुसती संस्कृत शिकवणाऱ्या कॉलेजातही होतात, तुम्ही आमच्यापेक्षा जास्त बघितली असतील.

आत्मा जातो म्हणता तर १९३५ ला जर्मनीतून बाहेर पडावं लागलेल्या गेरहार्ड हर्ट्झबर्ग या भौतिकशास्त्रज्ञाला याच विद्यापीठानं जागा दिली, तेही मंदीत, पगार कापलेले असताना, आणि अध्यक्ष तेव्हाही मरेच. १९७१ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना. गोठ्याच्या वासानं काही बिघडलं नाही.

प्राध्यापक_महोदय

एक हर्ट्झबर्ग सांगून पंधरा वर्षं झाकता येत नाहीत. ज्या माणसानं सकाळी रेल्वेच्या डब्यात गाईचं दूध वाढवायचं व्याख्यान दिलं तो रात्री संशोधन कधी करणार? असो, मी माझ्या मतावर ठाम.

माळावरची_मैना

मला दोघांनाही एक विचारायचंय. "लोकांकडे गेलं" म्हणताय ते कुठले लोक? ती जमीन रिकामी नव्हती हो. सॅस्काटून ज्या जागेवर आहे ती सरकारनं आदिवासींशी केलेल्या सहाव्या तहाची जमीन, क्री आदिवासींची, मेटींची (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या लोकांची). आणि तिथल्या राखीव वस्त्यांमधले आदिवासी शेती करायला लागले होते, चांगली करायला लागले होते, तर १८८९ नंतर सरकारी धोरण असं आलं की यांनी लहान तुकड्यावर हातानं शेती करायची, मोठं यंत्र नको. वर स्वतःच्या शेतातलं धान्य विकायला सरकारी अधिकाऱ्याचा परवाना! हे परवान्याचं कलम कागदावर २०१४ पर्यंत होतं. म्हणजे एका शेतकऱ्याच्या दारात अवजारांचा डबा येतो आणि दुसऱ्यानं अवजारं वापरू नये म्हणून वर माणूस नेमलेला. ही गाडी कुणासाठी होती ते डोळे उघडून बघा.

बेरकी_बोका

मैनाताईंना +१. मी रेल्वेच्या नफ्यात अडकलो होतो, हा मुद्दा त्याहून मोठा निघाला.

विस्तार_अधिकारी_नि.

ताई, खरं बोललात, ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणतो की परवान्याचा कायदा ओटावाच्या केंद्र सरकारचा, विद्यापीठाचा नव्हे.

माळावरची_मैना

कायदा त्यांचा नव्हता काका, पण कुठलं रूप हलकं नाही म्हणणाऱ्यांनी तिकडे एक व्याख्यान तरी ठेवायचं होतं. कायदा आड आला असता तर निदान तसं लिहून तरी राहिलं असतं.

कोरडवाहू

मैना, हे मी मूळ लेखात घालायला हवं होतं. "अख्ख्या राज्याची हद्द" हे मी सहज लिहून गेलो, ते मागे घेतो. बांधावर जावं हे मत मात्र सोडत नाही. कुणाच्या बांधावर, हे आधी विचारायला हवं होतं, कबूल.

सुगरण_नाही_मी

बायकांच्या डब्याबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी. होममेकर्स क्लब, म्हणजे गृहिणींची मंडळं, १९११ पासून विद्यापीठाच्या विस्तारकामाखाली होते. अॅबिगेल डेल्यूरी नावाच्या बाई ते काम बघायच्या आणि ते बरंच मोठं झालं. आता तुम्ही म्हणाल स्वयंपाक शिकवला, त्यात काय. पहिल्यांदा मलाही तसंच वाटलं. सरकार दहा डॉलर फीवर १६० एकर वाटत होतं पण लग्न झालेल्या किंवा एकट्या बाईला नाही, विधवा किंवा घरची कर्ती असेल तरच. म्हणजे जमीन द्यायची नाही, पण कोंबड्या कशा पाळायच्या ते शिकवायचं! राग येतोच. पण विचार करा, शेजारचं घर दोन मैलांवर, सहा महिने बर्फ, डॉक्टर नाही, आणि त्या बाईला महिन्यातून एकदा दहा बायकांबरोबर बसायचं अधिकृत कारण मिळतं, नवऱ्यालाही ते मोडता येत नाही कारण विद्यापीठाचा शिक्का आहे. १९१६ ला तिथं बायकांना प्रांतिक निवडणुकीत मत मिळालं. क्लबांमुळे मिळालं असा दावा नाही माझा, पण सभा कशी घ्यायची, ठराव कसा मांडायचा हे लोणच्याच्या पाककृतीबरोबर शिकता येतंच की.

बेरकी_बोका

लोणच्याबरोबर ठराव, हे आवडलं. तरी रेल्वेवाल्यांबद्दलचं माझं मत तेच आहे.

विस्तार_अधिकारी_नि.

सुगरणताई, तुम्ही लिहिलंत म्हणून एक आठवलं. आमच्या मेळाव्यांना बायका का येत नाहीत यावर मी तीन तीन बैठकांना बसलोय, अहवाल लिहिलेत, चहा बदलला, वेळ बदलली. पोरं सांभाळायला एक मांडव टाकू हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. त्या गाडीला १९१४ ला डबा जोडलेला होता.