प्रिया तेंडुलकर: ‘रजनी’ने तिला मोठं केलं, की आपण तिला ‘रजनी’तच कोंडून ठेवलं?

अबोली:
दूरदर्शनच्या जुन्या मालिकांचा विषय निघाला की प्रिया तेंडुलकरचं नाव येतं आणि पाठोपाठ “हो, ती रजनी ना!” येतं. बोलणं तिथेच संपतं. मला हे फार दिवस खटकतंय, म्हणून हा धागा.

‘रजनी’ आली १९८५ मध्ये. दिग्दर्शक बासू चटर्जी. साधी साडी नेसलेली गृहिणी गॅसवाल्याला, टॅक्सीवाल्याला, कचेरीतल्या बाबूला जाब विचारते, एवढंच तिचं सूत्र. पण प्रिया त्याआधी दहा-अकरा वर्षं काम करत होती. १९७४ च्या ‘अंकुर’ चित्रपटातली जमीनदाराच्या मुलाची बायको सरू ती तीच. कन्नडमध्ये दिग्दर्शक शंकर नागच्या ‘मिंचिन ओट’ चित्रपटात होती. मराठीत ‘गोंधळात गोंधळ’, ‘मुंबईचा फौजदार’ केले. पंचतारांकित हॉटेलात रिसेप्शनिस्ट, हवाई सुंदरी, वृत्तनिवेदिका हेही करून झालं होतं. शिवाय ती कथा लिहायची, आणि चांगल्या लिहायची. विजय तेंडुलकरांची मुलगी म्हणून सवलत देऊन वाचाव्यात अशा त्या नाहीत.

एवढं असून आपल्या लेखी तिची भूमिका एकच. त्या भूमिकेच्या मापाने आपण तिचं घरही मोजलं. मालिकेत तिच्या नवऱ्याचं काम करणाऱ्या करण राजदानशी तिने १९८८ मध्ये लग्न केलं, १९९५ मध्ये ते वेगळे झाले. तेव्हा आमच्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या बायका काय म्हणत होत्या ते मला अजून आठवतं. “जगाची भांडणं सोडवते आणि स्वतःचा संसार सांभाळता आला नाही.” म्हणजे मालिकेतल्या बाईचा हिशेब खऱ्या बाईकडून वसूल करायचा! रजनीने तिला ओळख दिली हे मान्य. पण प्रेक्षक म्हणून आपण तिच्यावर अन्याय केला, असं माझं स्पष्ट मत आहे.

गिरगावकर:
अबोलीताई, अजिबात सहमत नाही. अशी एक भूमिका मिळावी म्हणून नट जन्मभर वाट बघतात.

तेव्हाचे दिवस आठवा. गॅससाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. मिळाला तर टाकी कमी भरलेली, आणि वर चढवायचे पैसे वेगळे. तक्रार करायची म्हणजे काय करायचं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ‘रजनी’ बघून स्प्रिंगचा काटा आणला. टाकी आली की आधी काट्यावर. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं, ते वजा करायचं, आणि आत १४.२ किलो भरला तरच सही. तोपर्यंत आमच्यापैकी कुणी त्या आकड्यांकडे बघितलंही नव्हतं. गॅसवाला जिना चढतानाच कुरकुरायचा, “आली रजनी.” काकूंना त्याचा केवढा अभिमान होता! टॅक्सीवाल्यांवरच्या भागानंतर तर टॅक्सीवाले निषेधाला उतरले होते. एका मालिकेचा एवढा धसका आज कोण घेतं?

आणि प्रियाने ती ओळख कधी झिडकारली नाही. नव्वदच्या दशकात स्वतःच्या नावाने टॉक शो केला, तिथे तिला कुणी दुसऱ्याने लिहिलेले संवाद लागत नव्हते. समोरच्याला आडवे प्रश्न विचारायचा हक्क तिला प्रेक्षकांनी आधीच दिलेला होता, तो रजनीमुळे. याला कोंडून ठेवणं म्हणायचं?

लाटणं_बहात्तर:
दोघांच्याही बोलण्यातून एक गोष्ट सुटतेय. बाईने दुकानदाराला जाब विचारणं दूरदर्शनने शोधून काढलेलं नाही. १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर पुढे होत्या. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, बायकांनी गटागटाने वाणसामान वाटून घेतलं, हिशेब ठेवले. डिसेंबर १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला, तर लोक म्हणतात ‘रजनी’मुळे झाला. मला याचा मनापासून राग येतो. रजनी एकटी जायची आणि एका भागात काम करून घरी परतायची. खऱ्या बायका घोळक्याने जायच्या, लाठ्या खायच्या, आणि काम वर्षभर व्हायचं नाही.

हा दोष प्रियाचा नाही. पण तिच्यावर अन्याय झाला की नाही हे ठरवताना, ज्यांची नावंही कुणी घेत नाही त्या बायका विसरू नका.

गिरगावकर:
मोर्चाचं मोल कमी लेखत नाही. पण मोर्चा आमच्या काकूंपर्यंत पोचला नव्हता. नवरा पाठवणार नाही, सासू विचारेल, पोरं लहान. टीव्ही मात्र त्यांच्या खोलीत होता. त्या जिथे होत्या तिथे त्यांना कुणीतरी गाठलं, याचं श्रेय मी प्रियाला देणारच.

साताऱ्याची_सून:
मला त्या हळदीकुंकवाबद्दल बोलायचंय. मी स्वतः घटस्फोटित आहे. लग्न मोडल्यावर “तू तर एवढी बोलकी, एवढी शिकलेली” हे मला कुणीकुणी ऐकवलं ते इथे लिहीत नाही. बाई खंबीर दिसली की तिचा संसार मोडणं हा तिच्या खंबीरपणाचाच दोष ठरतो. नटीच्या बाबतीत हे बोलणारी माणसं हजारपट. म्हणून अबोलीचं मला पटतं.

नव्वदच्या दशकात विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या ‘स्वयंसिद्धा’ मालिकेत प्रियाने मुख्य भूमिका केली. बाप लिहितोय, मुलगी उभी राहतेय. लग्नाची चर्चा करणाऱ्यांना ती मालिका सहसा आठवत नाही. पुढे कॅन्सरशी झुंज आणि १९ सप्टेंबर २००२ ला हृदयविकाराने मृत्यू, वय ४७. तेव्हाही “रजनी हरली” छापाचं बोलणं ऐकलं. आजारी माणसाला धड आजारीही पडू द्यायचं नाही का?

पडद्यामागे:
मी मालिकांच्या सेटवर काम करतो, नाव सांगत नाही. तुम्ही ज्याला कोंडणं म्हणता ते आज करारातच लिहिलेलं असतं. रोजची मालिका, एपिसोडची बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेल्या भागांचा साठा, संपलेली, सेटवर हजर व्हायची वेळ सकाळची आणि पॅकअप, म्हणजे सुट्टी, कधी ते देव जाणे. सीन हातात पडतो तेव्हा शाई ओली असते. दुसरं काम घ्यायला वेळ नाही आणि परवानगीही नाही. बाहेर सत्काराला बोलावतात ते मालिकेतल्या नावाने, बॅनरवरही तेच नाव मोठं. मुलीने खऱ्या आयुष्यात लग्न मोडलं तर मालिकेतल्या नवऱ्याची शपथ घालणारे मेसेज येतात. मी वाचलेत.

प्रियाच्या वेळी मालिका आठवड्याला एकदा असायची, दूरदर्शन तेरा-तेरा भागांची मंजुरी द्यायचं. लिहायला, दुसरं काही करायला हातात दिवस उरायचे. तिचा कोंडमारा झाला असेलही, पण आजच्या पोरींच्या मानाने तिला श्वास घ्यायला जागा होती.

अबोली:
जागा होती, पण त्या जागेत आपण तिला काय दिलं? ‘हम पाँच’ आठवा. १९९५, झी टीव्ही. अशोक सराफ बाप, पाच मुली, आणि प्रिया त्याची वारलेली पहिली बायको, भिंतीवरच्या तसबिरीतून बोलणारी. दहा वर्षांपूर्वी जी दारोदार भांडत होती तिला हार घातलेल्या चौकटीत बसवलं. ती मालिका बालाजी टेलिफिल्म्स या निर्मिती कंपनीची. त्याच बालाजीने २००० पासून सासू-सुनांच्या मालिकांची रांग लावली, त्यात नायिका भांडते ती घरातल्या घरात. मला हा योगायोग वाटत नाही.

गिरगावकर:
ताई, इथे मात्र तुम्ही तिच्या अभिनयावर अन्याय करताय! हात हलवायचे नाहीत, उठायचं नाही, फक्त मान, डोळे आणि आवाज. एवढ्यावर ती अशोक सराफसारख्या नटासमोर प्रसंग तोलून धरायची. नवऱ्याला खडसावण्यात सगळ्यात सरस वाक्यं तिचीच असायची. रजनीची सावली त्या कामात औषधालाही नव्हती. लोक हसले ते प्रियाला, तिच्या टायमिंगला.

साताऱ्याची_सून:
अभिनय उत्तमच होता, त्यावर वाद नाही. पण चाळिशीतल्या, एवढ्या ताकदीच्या बाईला लेखकांनी जिवंत भूमिका किती लिहिल्या? गिरगावकरदादा, ‘स्वयंसिद्धा’ सोडून मला एखादी सांगा.