मदत हवी आहे: तेल वाढवल्यापासून गिनी फाउल खातच नाहीत, वजन अडकलंय

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात मळ्यावर राहतो. आजवर करारावरचे ब्रॉयलर केले. यंदा स्वतःच्या जिवावर ६० गिनी फाउल (कोंबडीसारखेच पाळायचे ठिपकेदार पक्षी) आणले, मांसासाठी. (कलकलाट इतका की शेजारच्या मळ्यातून रोज विचारणा होते, तो विषय वेगळा.)

पक्षी ८ आठवड्यांचे झाले. काल दहा पक्षी काट्यावर टाकले, सरासरी ४१० ग्रॅम. पाचशेच्या पुढे हवेत ना? मर नाही, पातळ विष्ठा नाही, पक्षी चपळ आहेत. बागेत फवारण्या चालू असतात म्हणून मोकळे सोडत नाही, शेडमध्येच असतात.

पहिले ४ आठवडे ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) दिलं. नंतर घरचा मका भरडून खाद्य बनवतो. १०० किलोला मका ७५, सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड) २०, तेल ३, मिनरल वगैरे २. आधी तेल १ किलोच होतं. वजन येईना म्हणून दहा दिवसांपूर्वी वाढवलं, तर आता संध्याकाळी फीडरमध्ये खाद्य उरतं. एक पक्षी कापून पाहिला. छाती बारीक आणि पोटात पिवळी चरबी! ब्रॉयलरला तेलाने वजन येतं, मग इथे उलट का? तेल बंद करू की डीओसी वाढवू? डीओसी महाग पडते, म्हणून आधी विचारतो.

प्रतिसाद १

दादा, तुमच्या खाद्याचा हिशोब मांडला. मक्यात प्रथिनं साधारण ९ टक्के, डीओसीत ४५ धरली तर तुमचं मिश्रण १६ टक्क्यांच्याही खाली जातं. ऊर्जा मात्र किलोला ३२०० कॅलरीच्या वर. पक्षी मुख्यतः ऊर्जेच्या गरजेपुरतं खातो. तेल वाढवलंत, त्याची भूक थोड्या खाद्यात भागली आणि आधीच कमी असलेलं प्रथिन रोज आणखी कमी पोटात गेलं. मांस कशातून चढणार? उरलेली ऊर्जा चरबीत गेली. तुम्ही कापलेल्या पक्ष्यात तेच दिसलं.

गिनीच्या पिल्लांना पहिले ४ आठवडे २४ टक्क्यांच्या आसपास, ५ ते ८ आठवडे २० आणि पुढे १६-१७ टक्के प्रथिन धरतात. ऊर्जा २९०० ते ३१०० पुरे. म्हणजे नेमक्या वाढीच्या महिन्यात तुमचे पक्षी शेवटच्या टप्प्याच्या प्रथिनावर राहिले. आता निदान २ आठवडे मका ६४, डीओसी ३२, तेल १, मिनरल-मीठ वगैरे ३ असं द्या. प्रथिन २० आणि ऊर्जा तीन हजाराच्या जरा खाली बसते. नंतर मका ७३, डीओसी २३ वर या, म्हणजे महाग डीओसी शेवटपर्यंत घालावी लागणार नाही. सोयात मेथिओनाइन (प्रथिनातलं एक गरजेचं अमिनो आम्ल) कमी पडतं, ते वेगळं घाला. नाहीतर २० टक्के फक्त कागदावर.

आणि ते प्री-स्टार्टर पुन्हा आणणार असाल तर गोणीवर मोनेन्सिन (कोंबडीखाद्यात घालतात ते कॉक्सिडिओसिसवरचं औषध) लिहिलंय का ते आधी बघा. कोंबडीला चालतं, गिनीला जीवघेणं ठरतं.

धागाकर्ता

भाऊ, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी तेल म्हणजे ताकद असंच धरून चाललो होतो. गोणी बघितली, मोनेन्सिन नाही, सुटलो. आता १२ आठवड्यांना किलोभर येतील का?

प्रतिसाद १

काही भरून निघेल, सगळं नाही. आपल्याकडचा पक्षी १२ आठवड्यांना साधारण किलोच्या आसपास येतो, तुमचा मागे आहे. गिऱ्हाइकाला १४ आठवड्यांची तारीख द्या. खाद्य एकदम बदलू नका, ४-५ दिवस जुनं-नवं मिसळून द्या.

धागाकर्ता

ठीक. उद्याच डीओसीची एक गोणी आणतो. त्याच दहा पक्ष्यांच्या पायात दोरा बांधून ठेवलाय, पुढच्या रविवारी त्यांचीच वजनं इथे टाकतो.