करावे तसे भरावे, की आपले दुसऱ्याने भरावे? ख्रिस्ती संदेशाच्या गाभ्याविषयी

साशंक

एका ख्रिस्ती मित्राशी वर्षभर माझा वाद चालू आहे. भांडण नाही, वादच. मी दर वेळी त्याला एवढंच म्हणतो, बाबा रे, तुझ्या धर्माचा गाभा मला एका वाक्यात सांग. परवा त्याने सांगितलं: "ख्रिस्त आमच्या पापांसाठी मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला."

हे वाक्य पहिल्या पिढीतला प्रचारक पौल याचं, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायातलं. पत्र साधारण इ. स. ५३ ते ५५च्या सुमाराचं, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या (येशूच्या चरित्रांच्या) आधीचं. शिवाय पौल म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं. तेव्हा "हे मागाहून कोणीतरी घुसडलं" हा सोपा आरोप मी करणार नाही.

माझ्या अडचणी दोन. एक, येशू स्वतः हे वाक्य घेऊन गावोगाव फिरत नव्हता. मार्कचं शुभवर्तमान उघडा. त्याच्या तोंडचं पहिलंच बोलणं आहे की देवाचं राज्य जवळ आलंय, पश्चात्ताप करा. डोंगरावरचं अख्खं प्रवचन वाचा, त्यात वधस्तंभाचा उल्लेख नाही. मग गाभा कुठला, येशू जे सांगत होता तो, की येशूविषयी जे सांगितलं गेलं तो?

दुसरी अडचण मला जास्त बोचते. चूक मी करायची आणि शिक्षा निर्दोष माणसाने भोगायची, यात न्याय कुठे झाला? 'करावे तसे भरावे' हे आपल्याला लहान मुलालासुद्धा पटतं. बायबलमध्येच यहेज्केल १८ सांगतो की बापाच्या पापाचा भार मुलावर नाही आणि मुलाच्या पापाचा बापावर नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात तर बाप लांबून मुलाला बघतो आणि धावत सुटतो. तिथे कोणाचा बळी लागत नाही. पुष्ट वासरू कापलं जातं, पण ते जेवणासाठी, भरपाईसाठी नव्हे!

श्रद्धाळूंनी बिनधास्त लिहावं. फक्त "विश्वास ठेवा म्हणजे कळेल" हे उत्तर नको, ते मित्राकडून पुरेसं ऐकलंय.

मोहरीचा दाणा

मी श्रद्धाळू, तेव्हा पहिला दगड माझ्यावर येऊ द्या.

दाखला तुम्ही चांगला काढलात, पण त्यात काही फुकट झालं असं खरंच वाटतं? धाकट्याने आपली वाटणी मागून नेली आणि उडवली. ती मालमत्ता परत आली का? नाही. मग तो तोटा कोणाच्या अंगावर पडला? बापाच्या. वर अब्रू गेली ती वेगळीच. तुम्ही मला पैसे उसने दिलेत आणि उद्या म्हणालात "राहू दे, विसर", तर ते पैसे हवेत विरत नाहीत. माझ्याऐवजी तुम्ही ते भरता. माफी म्हणजे हिशेब फाडणं नव्हे. ज्याचं नुकसान झालं त्याने तो आपल्या खात्यावर घेणं, ही माफी.

म्हणून तुमच्या आक्षेपातला "निर्दोष तिसरा माणूस" मला मान्य नाही. न्यायाधीशाने गुन्हेगाराला सोडून रस्त्यावरच्या कोणाला तरी फाशी दिली, असं आम्ही म्हणतच नाही. आम्ही म्हणतो की ज्याचं देणं होतं त्यानेच ते सोसलं. येशू देवाहून वेगळा, देवाने निर्माण केलेला कोणी असेल तर तुमचा आक्षेप शंभर टक्के बरोबर. ३२५ साली निकियाच्या परिषदेत पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे की नाही यावर एवढा वाद झाला तो काही शब्दांचा कीस काढायची हौस म्हणून नव्हे. पुत्र निर्मिलेला आहे हे एरियसचं म्हणणं खरं ठरलं असतं, तर वधस्तंभ खरोखरच अन्याय ठरला असता.

शंकासुर

बाकी सगळं ठीक, पण मराठी बायबलात मार्क १०:४५ला शब्द काय आहे बघा. 'खंडणी'. येशू पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला. आता खंडणी मागतं कोण हे आपल्याला ठाऊक आहे! ती इथे कोणाला पोचली? देवाला पोचली असेल तर देव खंडणीखोर. सैतानाला पोचली असेल तर देवाला सैतानापुढे हात टेकावे लागले. दोन्हीतलं काय निवडताय?

जुनी पोथी

शंकासुर यांनी विनोद केला, पण नेमक्या याच प्रश्नावर चर्चची हजार वर्षं गेली आहेत. (मी कुठल्याच बाजूचा नाही. फक्त वाचलेलं लिहितो.)

तिसऱ्या-चौथ्या शतकात ओरिजेन आणि निस्साचा ग्रेगरी म्हणत होते की खंडणी सैतानाला. ग्रेगरीची उपमा तर गळाची आहे. येशूचा देह हे आमिष, आत देवपणाचा काटा. सैतान माशासारखा गिळायला गेला आणि अडकला. दुसरा ग्रेगरी, नाझिआन्झसचा, याने हे सपशेल धुडकावलं. दरोडेखोराला कसली आलीय खंडणी, असा त्याचा सूर, आणि पित्याने ती मागितली असंही नाही.

मग १०९८च्या सुमारास आन्सेल्म. हा तेव्हा कँटरबरीचा आर्चबिशप. त्याने सैतानाला हिशेबातून पार काढून टाकलं आणि सरंजामी जगातली मानाची भाषा आणली. पापामुळे देवाचा मान जातो, तो भरून द्यायला माणूसच हवा, पण माणसाची तेवढी ऐपत नाही. म्हणून देव माणूस झाला. पुढे सोळाव्या शतकात कॅल्विन आला. तो कायदा शिकलेला, त्यामुळे मानाच्या जागी शिक्षा आली. साशंक ज्या चित्रावर चिडले आहेत ते मुख्यतः इथून आलंय.

आन्सेल्मनंतर लगेचच्या पिढीत आबेलार्डने तर थेट विचारलं की निर्दोषाच्या रक्ताची किंमत मागणं हे किती क्रूर! म्हणजे तुमचा प्रश्न नवशे वर्षं जुना आहे, आणि तो विचारणारा ख्रिस्ती धर्मपंडित होता. त्याच्या मते वधस्तंभावरचं प्रेम बघून माणसाचं मन पालटतं, तेच तारण.

गंमत अशी की निकियाच्या श्रद्धासूत्रात यातली एकही उपपत्ती नाही. "आमच्यासाठी आणि आमच्या तारणासाठी" एवढंच आहे. कसं, ते सांगितलेलं नाही.

साशंक

जुनी पोथी, आभार. पण यातून मला बळच मिळालं की! दोन हजार वर्षांत जो गाभा कसा काम करतो हे ठरत नाही, तो कसला गाभा?

मोहरीचा दाणा, तुमचं उसन्या पैशांचं उदाहरण चोख आहे, पण ते माझ्या आणि तुमच्यातल्या देण्याचं आहे. मी शेजाऱ्याला फसवलं, तर नुकसान शेजाऱ्याचं. देवाने ते माफ करून टाकायला देवाचं काय गेलं?

मोहरीचा दाणा

कसं काम करतं हे न कळता गोष्ट खरी असू शकते. वस्तू खाली पडतात हे लोकांना न्यूटनच्या आधीही ठाऊक होतं.

शेजाऱ्याचं म्हणाल तर... थांबा, यावर घाईने लिहिणार नाही.

आडवातिडवा

इतकं कशाला? चमत्कार काढा, रक्त काढा, उपदेश ठेवा. थॉमस जेफरसनने हेच केलं होतं. म्हातारपणी, १८२०च्या सुमारास, कात्री घेऊन शुभवर्तमानांतले हवे तेवढे उतारे कापले आणि चिकटवले. त्याची प्रत येशूला पुरून थडग्यावर धोंडा लोटतात तिथे संपते. शत्रूवर प्रेम करा, न्याय करू नका. एवढा गाभा बास आहे.

शंकासुर

मी नास्तिक असूनही आडवातिडवांशी असहमत. तो उपदेश नुसता उचलून बघा, चालतो का. उद्याची चिंता करू नका. असेल नसेल ते विकून गरिबांना द्या. आईबापांचा द्वेष केल्याशिवाय माझा शिष्य होता येणार नाही (लूक १४). हे संसार करणाऱ्या माणसासाठी सांगितलेलं शहाणपण आहे का? जग आता संपणार असं मानणाऱ्याचं हे बोलणं आहे. मार्क ९:१ वाचा, इथे उभ्या असलेल्यांपैकी काही जण देवाचं राज्य सामर्थ्याने आलेलं पाहिल्याशिवाय मरणार नाहीत. मेले. सगळे मेले. राज्य आलं नाही. धर्मपंडित आल्बर्ट श्वाइट्झरने १९०६ साली जवळजवळ हेच मांडलं की येशूला अंत जवळ आलाय असं वाटत होतं आणि ते चुकलं. माझ्या मते गाभा हाच, एक फसलेलं भाकीत. बाकीचं सगळं ते फसणं सावरण्यासाठी.

थोमाचा चुलतभाऊ

तोच श्वाइट्झर पुढे वैद्यक शिकला आणि १९१३मध्ये आफ्रिकेत लांबारेने इथे इस्पितळ काढायला गेला. हेही जोडा. भाकीत चुकलं म्हणणाऱ्यालाही येशूने घरी बसू दिलं नाही.

मी अर्धा आत, अर्धा बाहेर. मला पाप-भरपाईचं गणित कधीच उमगलं नाही. मला धरून ठेवणारी गोष्ट वेगळी आहे. वधस्तंभ ही रोमन जगात गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा. स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर, इ. स. पूर्व ७१मध्ये, सहा हजार जणांना आप्पिया रस्त्याच्या कडेने असं टांगलं होतं. सभ्य माणसं जेवताना तो शब्द काढत नसत. रोममध्ये पॅलेटाइन टेकडीवर एका भिंतीवर कोणीतरी खरडलेलं चित्र सापडलंय, बहुधा इ. स. २००च्या आसपासचं. वधस्तंभावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, खाली हात उंचावलेला एक जण, आणि अक्षरं: अलेक्सामेनोस देवाला भजतो. कोणीतरी कोणाची तरी यथेच्छ टर उडवली आहे.

ती टर मला पौलाच्या पत्रापेक्षा जास्त सांगते. बाहेरच्या माणसालाही नेमकं कळलं होतं की हे लोक काय म्हणताहेत: देव तिथे आहे, टांगलेल्यांत. टांगणाऱ्यांत नाही. माझ्यापुरता गाभा हा. पुनरुत्थान झालं की नाही, यावर मी आठवड्यातून दोनदा मत बदलतो. पौल मात्र मला ही सवलत देत नाही, हे कबूल. तो स्वच्छ सांगतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ.

शंकासुर

छान लिहिलंत. पण टांगलेल्यांचा देव ३१२ साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या शिपायांच्या ढालींवर जाऊन बसला त्याचं काय? आणि १८०७मध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी लंडनमध्ये छापलेलं बायबल? त्यातून इस्राएलांची मिसरातून सुटका झाली तो भागच गाळला होता.

जुनी पोथी

१८०७ हे ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली तेच वर्ष. ती मागणी वीस वर्षं लावून धरणारा विल्बरफोर्स कट्टर ख्रिस्ती. दोन्ही बाजूंच्या हातात एकच पुस्तक. फक्त एका बाजूला पानं काढून टाकावी लागली.

निळावंती

मला यातलं शास्त्र कळत नाही. पण साशंक यांनी शेजाऱ्याचा प्रश्न विचारला आणि त्यावर पुढे कोणी काही बोललं नाही, म्हणून लिहितेय.

मी तो शेजारी आहे. माझ्याशी जे झालं ते लिहिणार नाही. ज्याने केलं तो प्रार्थनेला पुढच्या ओळीत बसायचा. त्याने सगळ्यांसमोर उभं राहून रडत सांगितलं की मी पापी होतो, प्रभूने मला धुतलं. लोक त्याला मिठ्या मारत होते. नंतर एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "देवाने त्याला क्षमा केली, आता तू कोण नाही म्हणणारी?"

माझ्याकडे तो कधी आला नाही. एकदाही नाही. त्याचं देणं माझं होतं आणि पावती दुसरीकडून मिळाली. कोणी भरलं, कोणाला भरलं, आन्सेल्म काय म्हणाला... मला एवढंच कळतं की मला विचारलं नाही.

मोहरीचा दाणा

निळावंतीताई, वर घाईने लिहिणार नाही म्हणालो होतो. आता तर हात धजत नाही.

तुम्हाला जे सांगितलं गेलं ते चूक होतं. पुस्तकानेही चूक होतं. मत्तय ५: वेदीपाशी अर्पण घेऊन आला आहेस आणि तिथे आठवलं की आपल्याविरुद्ध कोणाच्या मनात काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. त्या माणसाला पुढच्या ओळीतून उठवून तुमच्या दाराशी पाठवायला हवं होतं. जक्कय जकातदार येशूला भेटला तेव्हा त्याने नुसतं रडून दाखवलं नाही, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करतो म्हणाला. त्यावर येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं. जर्मन पाद्री दीट्रिख बॉनहॉफर पश्चात्तापाशिवायच्या क्षमेला 'स्वस्त कृपा' म्हणायचा. त्याला नाझींनी १९४५मध्ये फाशी दिली, तेव्हा महाग म्हणजे काय हे त्याला ठाऊक असावं.

साशंक, तुम्हालाही उत्तर देणं आहे. शेजाऱ्याला केलेली इजा देवालाही लागते, "या लहानांपैकी एकाला केलंत ते मला केलंत" (मत्तय २५), असं आम्ही मानतो. पण 'देवालाही' म्हणजे 'शेजाऱ्याऐवजी' नव्हे. हे आम्ही मंडळीत पुरेसं सांगत नाही.

साशंक

मान्य. "निर्दोष तिसरा माणूस" हा आक्षेप मी मागे घेतो, निदान तुम्ही मांडता त्या रूपापुरता. पहिली अडचण तशीच आहे, आणि आता तिसरी भर पडली: जक्कयाला तारण मिळालं हे चौपट परत द्यायच्या आधी की नंतर? तो नुसतं "देतो" म्हणाला आहे.

मोहरीचा दाणा

यावरून 'विश्वास पुरे' म्हणणारे ल्यूथरवाले आणि 'कृतीशिवाय विश्वास मेलेला' म्हणणारं याकोबाचं पत्र घेऊन बसलेले पुन्हा पाचशे वर्षं भांडतील. :) माझं मत, म्हणाला तेव्हाच. पण दिलं नसतं तर मिळालेलं नव्हतं असं म्हणेन.

निळावंती

एक विचारते. ज्यांना चौपट परत मिळालं त्यांनी जक्कयाला माफ केलं का? लूकमध्ये आहे का तसं?

मोहरीचा दाणा

पुन्हा वाचून आलो. नाही. त्यांच्याविषयी पुढे एक अक्षरही नाही.