मेकअप किट भरायचंय, १७ तारखेच्या आत! मदत हवी आहे

सोनचाफा:
नमस्कार. पार्लरचा कोर्स झालाय, आता स्वतःच्या ऑर्डरी घ्यायच्यात. सोबत नेता येईल असं प्रोफेशनल किट भरायचंय. काय काय घेऊ? सरळ यादी द्या, म्हणजे एकदाच मागवून टाकते. यूट्यूबवर प्रत्येक बाई वेगळंच सांगते आणि शेवटी स्वतःची लिंक चिकटवते. १७ ला पहिली ऑर्डर आहे, प्लीज लवकर.

मनमौजी:
बजेट? गाव? कसली ऑर्डर? एकटी नवरी की अख्खं वऱ्हाड? आत्ता हातात काय आहे? डॉक्टरकडे जाऊन "गोळ्यांची यादी द्या" म्हटल्यासारखं झालं हे.

तुळशीबागवाली:
पुण्यात ये आणि तुळशीबाग, रविवार पेठ पायी फिर. एका सकाळी अर्धं किट होतं. पिना, पफ, स्पंज, गंगावन, टिकल्या यांसाठी ऑनलाइन पैसे घालवणं म्हणजे वेडेपणा.

सोनचाफा:
ऑर्डर लग्नाचीच, आणखी कसली असणार मे महिन्यात! बजेट १०-१२. पुण्याला यायला वेळ नाही.

मनमौजी:
१०-१२ काय, हजार की रुपये? हलके घ्या. आणि नवरीचा रंग सांग. गोरी, गव्हाळ, सावळी?

रंगपटातला:
पोरी, जरा दमानं. तेहतीस वर्षं नाटकांची रंगभूषा केली, सगळा संसार एका पत्र्याच्या पेटीत. माझ्या गुरूंच्या पेटीत तर सफेदा, पिवडी आणि इंगूळ, म्हणजे पांढरा, पिवळा आणि लाल, बस्स. त्यातूनच राजाही उभा राहायचा आणि भिकारीही.
तू क्रायोलनच्या पेंट स्टिक घे, म्हणजे कांडीतलं फाउंडेशन. बर्लिनची कंपनी, १९४५ पासूनची, मुंबईच्या रंगपटात पिढ्यान् पिढ्या तीच चालते. तीन शेड पुरे: एक उजळ, एक गव्हाळ, एक सावळी. मधले सगळे रंग ताटलीत मिसळून होतात. दहा शेडच्या दहा बाटल्या घेणारा कलाकार नव्हे, दुकानदार. वर ट्रान्सलुसंट, म्हणजे बिनरंगी पावडर. आणि पेटी म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला टूलबॉक्स घे. 'व्हॅनिटी' असं नाव लागलं की तेच प्लॅस्टिक तिप्पट भावात जातं.

ईशा_ब्राइडल:
काका, आदर आहे, पण नाटकात पहिली रांग पंधरा फुटांवर असते आणि लग्नात फोटोग्राफर नाकासमोर. स्टिकचा थर दिला की मेच्या घामात दुपारी दोनला नवरीच्या नाकाशेजारी भेगा. लिक्विड घे, पातळ लाव, हवं तिथेच दुसरा हात दे.
पावडरचंही तेच. काही 'एचडी' पावडरींमध्ये सिलिका भरपूर असते. आरशात सुंदर, फ्लॅशमध्ये चेहरा पांढराफटक. माझ्या दुसऱ्याच ऑर्डरला झालंय. अल्बम बघून नवरीच्या मामीने मला फोन केला होता, पुढचं लिहीत नाही. किट आलं की आधी स्वतःला लाव आणि अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा फ्लॅश मारून फोटो काढ.

रंगपटातला:
थर द्यायला कुणी सांगितलं? ओल्या स्पंजाने स्टिक पसरली तर लिक्विडपेक्षा पातळ बसते. हात बसायला वेळ लागतो, एवढंच.

एअरब्रश_प्रेमी:
दोघेही जुन्या जमान्यातले. सरळ एअरब्रश घ्या, फाउंडेशन हवेने फवारायचं. छोटा कॉम्प्रेसर येतो.

मनमौजी:
आणि लाइट गेली की फुंकणीने मारायचा का?

सोनचाफा:
अहो, फाउंडेशन आहे माझ्याकडे! मला बाकीचं सांगा ना.

ईशा_ब्राइडल:
कुठलं? किती शेड?

सोनचाफा:
एक मोठं कॉम्बो किट ऑनलाइन घेतलंय गेल्या आठवड्यात, साडेचार हजाराचं. ७२ आयशॅडो, ब्लश, लिपस्टिक, फाउंडेशन, २४ ब्रश, सगळं एकात. तेच वाढवायचं म्हणत होते.

तुळशीबागवाली:
अरे देवा. हे पहिल्या ओळीत लिहायचं ना बाई.

ईशा_ब्राइडल:
७२ पैकी तुला लागणार सात. मॅट ब्राउन, गडद ब्राउन, सोनेरी, मरून, पीच, काळा, हाडासारखा पांढरट. नऊवारीवर निळी-जांभळी आयशॅडो कोण मागतंय? ब्रशचे केस ओढून बघ, हातात आले तर ते नवरीच्या ओठावरही येणार.

नियमानुसार:
माल कुठला आहे ते तपासा. कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे आयात केलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक छापलेला लागतो. भारतात बनलेल्यावर उत्पादन परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख. यातलं काही नसेल तर परक्या माणसाच्या तोंडाला लावू नका. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास घेतानाही हेच बघा, तिथे अस्सल आणि नक्कल शेजारी-शेजारी मांडलेली असते.

सोनचाफा:
बघितलं. यातलं काही नाही, डब्यावर फक्त फुलं आहेत.

निशिगंधा_काळे_केस:
थोडं अवांतर. मला कुणी सांगेल का, घरगुती समारंभाला मेकअप न करता फक्त डोळ्यांखालची काळी वर्तुळं कशी लपवायची?

ईशा_ब्राइडल:
आधी ऑरेंज करेक्टर, अगदी तांदळाएवढा. मग त्वचेच्या रंगाचा कन्सीलर. नुसता कन्सीलर लावला तर राखाडी दिसतं, कारण आपल्याकडची वर्तुळं निळसर-तपकिरी असतात. सोनचाफा, हे तुझ्या यादीतही घाल.

जुना_जाणता:
यादी राहू द्या. काका, तुमच्या त्या रंगपटात किती बायका रंगभूषा करायच्या? मुंबईच्या सिनेमात तर युनियन बायकांना मेकअपचं कार्डच देत नव्हती, फक्त हेअरड्रेसरचं. मेकअप आर्टिस्ट चारू खुराना कोर्टात गेल्या, १० नोव्हेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, तेव्हा कुठे दार उघडलं. आणि तुम्ही आता पोरींना 'कलाकार नव्हे, दुकानदार' शिकवताय.

रंगपटातला:
निकाल योग्यच होता, मी तेव्हाही तेच म्हणत होतो. पण कार्ड न देणारा मी नव्हतो हो! आणि कोकणातल्या दशावतारात तर प्रत्येक नट स्वतःच स्वतःला रंगवतो, आजही. कुणाला कार्ड विचारत नाहीत.

मनमौजी:
नवरीचा रंग?

सायली_त्वचा:
त्वचारोगतज्ज्ञ म्हणून तीन गोष्टी, मग तुमचं चालू द्या.
पहिलं, स्वच्छता. सामान निर्जंतुक करायला सत्तर टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्प्रेच्या बाटलीत. नव्याण्णव टक्क्यांचं नको, ते लगेच उडून जातं. जंतू मारायला त्यात थोडं पाणी असावं लागतं. कुठलंही क्रीम डबीतून थेट चेहऱ्यावर नाही: आइसक्रीमच्या काडीने स्टीलच्या ताटलीत काढायचं, तिथून ब्रशने. स्पंज आणि पफ माणशी एक. काजळ पेन्सिल प्रत्येकीच्या आधी सोलायची. मस्काऱ्याचा स्वतःचा ब्रश कुणाच्याच पापणीला लावायचा नाही, वापरून फेकायच्या काड्या मिळतात.
दुसरं, नवरीला आजच फोन करून विचारा, कशाने खाज येते का, डोळे सुजतात का. पापण्या चिकटवायच्या गोंदात लॅटेक्स असू शकतं. पॅच टेस्टला दोन दिवस हाताशी लागतात.
तिसरं, कपाळावर टिकलीच्या जागी पांढरट डाग दिसला तर टिकली लावू नका. काही टिकल्यांच्या गोंदात पीटीबीपी नावाचं रसायन असतं, त्याने तिथला रंग जातो. चंद्रकोर आयलायनरने रेखून द्या.

सोनचाफा:
थँक यू डॉक्टर. पण दोन दिवस नाहीत. नवरी मुंबईला असते, १६ ला हळदीलाच येणार. ट्रायल नाही झाली. आणि तिची आई आणि दोन करवल्याही आहेत, त्यांचाही मेकअप त्याच पैशात. मुहूर्त ११.४० चा. गुहागरच्या बाजूचं गाव आहे, मी चिपळूणहून एसटीने जाणार.

तुळशीबागवाली:
हे सगळं आत्ता सांगतेयस!! चार चेहरे, एकटी तू, त्यात नवरीचा खोपा. पहाटे पाचला बसव करवल्यांना, नवरी शेवटी.

ईशा_ब्राइडल:
"त्याच पैशात" हे वाचून डोकं फिरलं. पुढच्या वेळी माणशी दर ठरव. असो. तिच्याकडून आज फोटो मागव: खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, फिल्टर नको, मान आणि मनगट दिसलं पाहिजे. शेड मानेवरून ठरव, चेहऱ्यावरून नाही. हळद लागलेली असेल तर चेहरा पिवळाच असणार. ती नुसत्या पाण्याने जात नाही, तेलाने सुटते. आदल्या रात्री खोबरेल तेल चोळून कापसाने पूस म्हणावं, मग फेसवॉश.
मुंडावळ्यांची दोरी कपाळावर घासते, तिथे बेस कमी ठेव. नथ दाबाची असेल तर वरच्या ओठाला लिक्विड मॅट लाव, नाहीतर नथीलाच लिपस्टिक.

रंगपटातला:
एसटी म्हटल्यावर चाकांची ट्रॉली विसर. टूलबॉक्स मांडीवर, डिकीत टाकायचा नाही. मेच्या उन्हात लिपस्टिक वितळून बॉक्सभर होते. बाटल्या उभ्या, प्रत्येकीला झिपची पिशवी. मोठ्या बाटलीतलं छोट्या डबीत काढून घे, डबीवर नाव आणि तारीख. आणि एक्स्टेंशन बोर्ड. हॉलमध्ये प्लग नेहमी आचाऱ्याच्या बाजूला असतो, हे तेहतीस वर्षांचं ज्ञान फुकट घे.

तुळशीबागवाली:
सेफ्टी पिना, यू पिना, काळा दोरा, ब्लेड, पेपर नॅपकिन, गजऱ्याला सुई. एसटीत बायकांना तिकीट अर्धं आहे, उरलेल्या पैशांच्या पिना घे.

एअरब्रश_प्रेमी:
बॅटरीवर चालणारा एअरब्रशही मिळतो.

सोनचाफा:
दोन दिवस फोन बंद होता, सॉरी. अपडेट: स्टिक दोन घेतल्या, तिसरी चिपळुणात मिळाली नाही. ट्रान्सलुसंट पावडर, ऑरेंज करेक्टर, कन्सीलर, अल्कोहोल, सहा पफ, मस्काऱ्याच्या काड्या घेतल्या. फ्लॅशचा फोटो काढला, ठीक आला. कॉम्बोवाला माल परत घेत नाहीये, ते शाळेच्या गॅदरिंगला ठेवलंय.

सायली_त्वचा:
लहान मुलांना तर अजिबात नको! फेकून दे.

सोनचाफा:
बरं, फेकते. साडेचार हजार... टूलबॉक्सही मिळाला. दुकानदार म्हणाला, वायरिंगचं काम शिकलीस की काय.

मनमौजी:
नवरीचा रंग अजूनही सांगितला नाहीस. दोन स्टिक कुठल्या घेतल्या मग?