मदत हवी आहे: शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला घेऊन गड्ड्याला सोलापूरला येतोय, काय काय तयारी करू?

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो, माझं माहेर सोलापूर, उत्तर कसबा. कोविडच्या आधी आलो होतो, त्यानंतर आता जानेवारीत येतोय आणि मुद्दाम गड्डा, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वरांची यात्रा, धरूनच येतोय, कारण अप्पांचं (माझ्या वडिलांचं) वय झालंय आणि त्यांची एकच इच्छा आहे की नातवाला बाराबंदी (यात्रेतला पांढरा पारंपरिक पोशाख) घालून नंदीध्वजाच्या (यात्रेत मिरवणुकीनं नेतात त्या उंच मानाच्या काठ्यांच्या) दर्शनाला न्यायचं. मुलगा चार वर्षांचा आहे, त्यानं सोलापूर अजून बघितलेलंच नाही.

त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. नुसती खाज, पुरळ अशी नाही. दीड-दोन वर्षांचा असताना कुणीतरी पीनट बटरचं बिस्कीट हातात दिलं, अर्धंच खाल्लं असेल, पाच मिनिटात ओठ सुजले, आवाज बसला, श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, ॲम्ब्युलन्सनं न्यावं लागलं. तेव्हापासून ॲड्रेनालिनची दोन पेनं कायम आमच्याबरोबर असतात. बाकी तीळ, काजू, बदाम सगळ्याची टेस्ट झालीय, ते चालतं. फक्त शेंगा नाही.

आता सोलापूरच्या घरात शेंगा किती असतात ते तुम्हाला सांगायला नको. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, खिचडीत कूट, ताटात डावीकडे चटणी, फोडणीला शेंगतेल, आणि आम्ही नेमकं संक्रांतीला येतोय म्हणजे शेंगाची पोळी आणि भोगीची भाजी. हुरड्याला नेणार म्हणून दादानं आधीच सांगून ठेवलंय, तिथे पण हुरड्याबरोबर चटणी आलीच. अव्वा, म्हणजे माझी आई, अजून उखळात चटणी कुटते, लाल, तेल सुटलेली, ओलसर, कुटताना बारीक कण अख्ख्या स्वयंपाकघरात उडतात, मग त्याच हातानं भाकरी थापायला घेते. मला डोळ्यासमोर तो हात दिसतो आणि रात्री झोप लागत नाही.

फोनवर सांगितलं तर अव्वा म्हणाली, अगं खरपूस भाजून घालते, भाजल्यावर काही होत नाही. तसं नसतं. भाजल्यानं ॲलर्जी कमी होत नाही, उलट शेंगा भाजल्या की ती जास्त भडकते असं आमच्या इथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तेलाचं पण तसंच, कारखान्यात पूर्ण रिफाइंड केलेल्या तेलात प्रोटीन जवळजवळ राहत नाही, पण घाण्याच्या तेलात राहतं, आणि आमच्याकडे घाण्याचंच तेल येतं. हे सगळं मी सांगते तेव्हा अव्वाला वाटतं की मुलीला आता घरचं जेवण चालेना झालं. ती बोलत नाही काही, पण आवाजावरून कळतं. तिनं किती दिवस वाट बघितलीय, आणि तिच्या हातचं खाऊ घालणं हाच तिचा आनंद आहे, तो मला हिरावून घ्यायचा नाहीये. म्हणून हा धागा. ज्यांच्या घरात अशी मुलं आहेत त्यांनी घरच्या मोठ्या माणसांना कसं समजावलं? घर भरलेलं असतं, आत्या, काकू, शेजारच्या मावश्या, प्रत्येक जण पोराच्या तोंडात काहीतरी घालणार, संक्रांतीला तर हातावर तिळगूळ ठेवणारच, आणि विकतच्या तिळगुळात शेंगदाण्याचं कूट असतंच.

मी आतापर्यंत काय केलंय ते सांगते, चुकत असेल तर सांगा. डॉक्टरांकडून पत्र घेतलंय की मुलाला ही ॲलर्जी आहे आणि पेनं जवळ ठेवणं गरजेचं आहे, ते सिक्युरिटीला दाखवायला लागतं. पेनं सामानात टाकायची नाहीत, हातातल्या बॅगेत. फ्रीजमध्ये पण ठेवायची नाहीत आणि २५ डिग्रीच्या वर पण नको, जानेवारीत सोलापुरात रात्री थंडी असली तरी दुपारी ३० च्या आसपास जातं म्हणून एक इन्सुलेटेड पाउच घेतलाय. विमान कंपनीला कळवलंय. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए ची लस इथे सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, ती चौघांनी घेतली.

कागदपत्रांचं थोडं विचारायचंय. माझा पासपोर्ट भारतीयच आहे, इथे कायम राहायची परवानगी आहे, ते प्लास्टिकचं कार्ड आता बंद झालंय, सगळं ऑनलाइन. माझा पासपोर्ट मध्यंतरी नवीन झाला तो मी ऑनलाइन खात्यात जोडून घेतला, नाहीतर परत येताना मुंबईच्या काउंटरवर अडवतात म्हणे. (ज्यांचा पासपोर्ट बदललाय त्यांनी हे आधी बघा.) नवऱ्याचं आणि मुलीचं ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) आहे. मुलीचा पासपोर्ट नवीन झालाय, तर नवा पासपोर्ट आणि फोटो ओसीआयच्या साइटवर अपलोड करायचा असतो, कार्ड नवीन काढायला लागत नाही, ते केलं. मुलाचं ओसीआय वेळेत होणार नाही म्हणून त्याचा ई-व्हिसा काढतोय. सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या खूप साइट आहेत ज्या दुप्पट पैसे घेतात, पत्त्यात शेवटी gov.in आहे का बघून घ्या म्हणजे झालं. शिवाय १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी पासपोर्टवाल्यांना ई-अरायव्हल कार्ड भरायला लागतं, पोचायच्या आधी ७२ तासांच्या आत, फुकट असतं, ते मुलाचं भरायचंय.

माझे प्रश्न असे:

मुंबईहून सोलापूरला कसं यावं? विमान सकाळी मुंबईत उतरतं. वंदे भारत, रात्रीची सिद्धेश्वर, गाडी करून, की नवीन विमान? मुलं लांबच्या प्रवासानं कंटाळलेली असणार.

सोलापुरात पेनं मिळतात का, किंवा रात्री-अपरात्री काही झालं तर कुठे जायचं? घर बाळीवेशीजवळ आहे.

आणि पाण्याचं काय सध्या? अजून काही दिवसांआडच येतं का? कारण भांडी वेगळी ठेवायची, वेगळी घासायची म्हटलं तर पाणी जास्त लागणार आणि तो भार अव्वावर यायला नको.

बँकेचं पण एक काम आहे. अप्पा आणि मी असं जुनं जॉइंट खातं आहे, साधं सेव्हिंग, कित्येक वर्षं व्यवहार नाही. त्याचं काय करावं?

गड्ड्यात लहान मुलाला न्यावं का, तेही सांगा.

---

प्रतिसाद

ताई, मी जुळे सोलापूरला राहते, माझ्या नणंदेच्या मुलीला हीच ॲलर्जी आहे. अनुभवानं सांगते, अव्वांना "हे करू नका" असं सांगू नका, "हे करा" असं सांगा. कारळाची चटणी, जवसाची चटणी, तिळाची चटणी, तिन्ही आपल्याच आहेत, कडक भाकरीबरोबर तितक्याच लागतात. भाजीत कुटाच्या जागी फुटाण्याचं डाळं भाजून वाटून घालायचं, घट्टपणा तसाच येतो, भरल्या वांग्याला तीळ-खोबरं. शेंगाच्या पोळीऐवजी तिळाची पोळी. त्यांना काम मिळतं आणि नातवासाठी स्वतःच्या हातानं काहीतरी केल्याचं समाधान पण.

तेल मात्र पॅकबंद आणा, करडईचं किंवा सूर्यफुलाचं. घाण्यावरचं करडईचं आणू नका, बहुतेक ठिकाणी त्याच घाण्यात आधी शेंगा काढलेल्या असतात. मिक्सरचं भांडं नवीन घ्या, जुन्या भांड्याच्या रबरात आणि पात्याखाली कूट अडकून राहतं. पोळपाट-लाटणं, तवा, एक कढई, डबा, एवढं वेगळं आणि त्याला लाल दोरा बांधून ठेवा, कामाला येणाऱ्या मावशींनाही कळतं. तुम्ही यायच्या दोन दिवस आधी चटणी, कूट, शेंगा सगळं डब्यात घालून वरच्या फळीवर, आणि तुम्ही आहात तोवर घरात कुटायचं नाही.

हात धुवायला साबण-पाणीच लागतं, सॅनिटायझरनं शेंगाचं जात नाही. दारात साबण ठेवा आणि येणाऱ्याला आधी हात धुवा म्हणा, कोविडनंतर कुणी वाईट मानत नाही.

पाणी अजून रोज येत नाही. तुमच्या भागात कोणत्या दिवशी, किती वाजता येतं ते अप्पांना विचारून ठेवा आणि टाकी आधीच साफ करून घ्या. पिण्याचं जारचं सांगून ठेवा आणि मुलांना तेही उकळून द्या.

---

प्रतिसाद

प्रवासाचं मी सांगतो. सकाळी मुंबईत उतरताय तर वंदे भारत बेस्ट, सीएसएमटीहून दुपारी चारच्या सुमारास सुटते, दादर-कल्याणला पण थांबते, रात्री पावणेअकराच्या आसपास सोलापूर. बुधवारी मुंबईहून नसते तेवढं बघा. आता रिझर्व्हेशन ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, आणि गड्ड्याच्या आठवड्यात भराभर संपतं, म्हणून इथल्या कुणालातरी त्याच दिवशी सकाळी काढायला सांगा. गाडीतलं खाणं मुलाला देऊ नका, डबा बरोबर ठेवा, आणि सीट, ट्रे ओल्या वाइपनं पुसून घ्या.

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून मुंबईचं विमान ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालंय, पण लंडनहून आणलेलं सामान देशातल्या विमानात बसत नाही, जादा वजनाचे पैसे भरायला लागतात. वेळ पण जुळायला पाहिजे. गाडीनं म्हणाल तर सात-आठ तास धरा, रात्रभराच्या प्रवासानंतर लेकरांना घेऊन मी तरी करणार नाही.

बँकेचं: दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, आणि परदेशात राहायला गेलेल्या माणसाला स्वतःच्या नावाचं साधं सेव्हिंग खातं ठेवता येत नाही, ते सहसा एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्यायला लागतं. पासपोर्ट, पॅन, तिथल्या पत्त्याचा पुरावा, राहायच्या परवानगीची प्रिंट, फोटो, सगळ्याच्या दोन-दोन कॉपी. अप्पांना बरोबर न्या, जॉइंट खातं आहे. एनआरओच्या व्याजावर टीडीएस ३० टक्क्यांच्या वर कापतात हे त्यांना आधी सांगून ठेवा. आणि हे काम पहिल्याच दिवशी करा, नंतर सणाच्या गडबडीत राहून जातं. तुमचा भारतातला जुना नंबर बंद पडला असेल तर ओटीपी येणार नाही, तोही बदलून घ्या.

---

प्रतिसाद

मी बरीच वर्षं दवाखान्यात काम केलंय म्हणून सांगते बाळा. तुमच्याकडे जी पेनं आहेत ती इथे मेडिकलमध्ये सहज मिळत नाहीत, जास्तीची घेऊन या, एक्सपायरी बघून. ॲड्रेनालिनचं साधं इंजेक्शन मात्र कुठल्याही इमर्जन्सी विभागात असतं. आल्यावर दुसऱ्याच दिवशी घराजवळच्या मुलांच्या दवाखान्यात जाऊन पत्र दाखव, चोवीस तास डॉक्टर असतात का विचार, आणि दादाला तिथपर्यंत गाडी एकदा रात्री चालवून बघायला सांग, गड्ड्यात रस्ते बंद असतात. सिव्हिलचा (सरकारी हॉस्पिटलचा) रस्ता पण बघून ठेवा. १०८ सगळ्यांच्या फोनमध्ये पाहिजे.

घरातल्या निदान तिघांना पेन कसं मारायचं ते शिकव. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरून चालतं. मारल्यावर आडवं झोपवायचं, पाय वर, उठवायचं नाही, श्वासाला त्रास असेल तर टेकून बसवायचं. पाच मिनिटात फरक नाही तर दुसरं. आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच. आधी लिंबू-पाणी, हळद, दृष्ट काढणं यात वेळ घालवायचा नाही हे अव्वांना तू नाही, तुझ्या नवऱ्यानं समजावून सांगू दे, जावयाचं ऐकतील.

अक्षता सोहळ्याला (यात्रेतल्या सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला) संमती कट्ट्याजवळ चार वर्षांच्या मुलाला नेऊ नको, पाय ठेवायला जागा नसते. तुमचं घर उत्तर कसब्यात म्हणजे हिरेहब्बू वाड्याच्या जवळच, नंदीध्वज तिथूनच निघतात, घराच्या दारातून किंवा गच्चीवरून दर्शन घ्या, आजोबांच्या कडेवर. होम मैदानावरच्या गड्ड्यात दुपारी लवकर न्या, संध्याकाळी नको. पायाखाली शेंगांची टरफलं असतात, बूट घाल, घरी आल्यावर बाहेरच काढ आणि हातपाय धुव.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचं वाचून रडूच आलं, पण हलकं वाटलं. काल नवऱ्यानं अव्वाला व्हिडिओ कॉल लावला आणि ट्रेनरचं पेन, म्हणजे सुई नसलेलं सरावाचं, स्वतःच्या मांडीवर मारून दाखवलं. अव्वा शांतपणे बघत बसली, मग म्हणाली परत एकदा दाखवा. आता तिनं स्वतःच ठरवलंय की आत्या-काकूंना तीच सांगणार, आणि तिळगूळ घरीच करणार, तीळ, गूळ, खोबरं, विलायची, एवढंच. आलेल्यांनी आपला तिळगूळ त्याच्या हातावर ठेवायचा नाही, आमच्या डब्यातलाच उचलून द्यायचा. हे मला सुचलंच नसतं.

कारळं आणि करडईच्या तेलाचं दादाला सांगितलं. तिकिटं तो काढतोय. डाळ्याचं कूट घालून मी इथे वांगं करून बघितलं, मुलानं दोनदा मागून खाल्लं.

आता एवढंच राहिलंय: चार वर्षांच्या मुलाच्या मापाची बाराबंदी तयार मिळते का, की शिवून घ्यायला लागते? माप पाठवायचं तर अप्पा या आठवड्यातच टाकतो म्हणतायत. आणि परत येताना इंग्लंडमध्ये दुधाचं काही नेता येत नाही, पेढे, खवा, तूप काहीच नाही, तर शेजाऱ्यांना न्यायला कडक भाकरी आणि चादरी सोडून अजून काय नेता येईल?