सिंह नाचतोय, मी मरतोय (एल्डन रिंग या व्हिडिओ गेमचा जादा भाग, शॅडो ऑफ द एर्डट्री)

घोडबंदरकर:
लेव्हल 158, तलवार +25, मूळ गेममधल्या मोग नावाच्या बॉसला (मोठ्या शत्रूला) मारून या जादा भागात आलोय. म्हणजे अगदीच नवशिका नाही. तरी बेलुरात या ठिकाणचा बॉस, तो नाचणारा सिंह, नऊ दिवस मला लोळवतोय. दोन फटके की खेळ खलास.

मी मूळचा मोखाड्याचा. बोहाड्यात मुखवटे चढवून नाचणारी सोंगं लहानपणी रात्र रात्र जागून पाहिलीत. त्यामुळे सिंहाच्या कातड्याखाली माणसांचे पाय दिसले तेव्हा घाबरायच्या ऐवजी मजाच वाटली. पहिल्यांदा. बाविसाव्यांदा नाही.

माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून घरी, पोरगी झोपली की साडेदहा ते बारा, आवाज बंद करून खेळतो. मंगळवारी त्याचा बोटभर जीव उरला आणि लाईट गेली. आली तेव्हा मी धुक्याच्या दाराबाहेर आणि सिंह ताजातवाना. बायको म्हणे, "झोप आता, उद्या मार."

मूळ गेममध्ये परत जाऊन रून्स (लेव्हल वाढवायला लागतात ते) जमवू का? लेव्हल कमी पडतेय का?

खारघरचा किल्लेदार:
लेव्हल विसर. स्कॅडूट्रीचे तुकडे किती वापरलेस? सावलीच्या प्रदेशात, म्हणजे या जादा भागात, तुझा मार आणि सोसायची ताकद, दोन्ही त्यांनीच वाढतं. एकूण 50 तुकडे, 20 पायऱ्या. मिकेलाच्या क्रॉसपाशी मिळतात, मारिकाच्या मूर्तीपाशी मिळतात, मडकं घेऊन हिंडणाऱ्या सावल्यांकडेही असतात. 2024 च्या जूनमध्ये हा भाग आला तेव्हा फार अवघड म्हणून लोकांनी एवढी बोंब मारली की आठवड्याभरात सुरुवातीच्या पायऱ्यांचं बळ वाढवावं लागलं.

घोडबंदरकर:
पिशवीत पाच पडलेत. मला वाटलं हत्याराला लावायचे असतात.

खारघरचा किल्लेदार:
पाच! अरे देवा. ग्रेसपाशी (विसाव्याच्या जागी) बस आणि वापर आधी.

कळवा स्लो:
आणि टार्गेट लॉक (कॅमेरा शत्रूवर खिळवतो ते) काढ. तो उडी मारतो तेव्हा कॅमेरा भलतीकडेच फिरतो आणि आपण स्वतःचाच पाय बघत मरतो. दाराजवळ फ्रेया नावाच्या मदतनीस पात्राची सोनेरी खूण असेल, तिला बोलाव. बॉसचा जीव वाढतो, पण निदान तो थोडा वेळ तिच्या मागे लागतो, तेवढ्यात औषध पिऊन होतं.

खारघरचा किल्लेदार:
फ्रेयाला बोलावणं म्हणजे आपल्या पेपरला ताईला बसवणं.

कळवा स्लो:
तुला पोरं झाली की बोलू.

घोडबंदरकर:
काल रात्री पडला! पाचही तुकडे वापरले. आता दोन फटक्यांत मरत नाही, चार लागतात, आणि त्या दोन जादा फटक्यांतच सगळं आहे. जीव अर्ध्यावर आल्यावर वीज, बर्फ, वारा असं आलटूनपालटून चालू झालं. फ्रेया बर्फातच गेली बिचारी. शेवटचा घाव माझा, आणि मी असा ओरडलो की पोरगी उठून बसली. आवाज टीव्हीचा बंद होता, माझा नाही.

आता एन्सिसच्या किल्ल्यात पुढची बॉस, रेलाना. दोन तलवारी घेऊन उभी आहे. छोटा इन्व्हर्टर कितीला पडतो, कुणी सांगेल का?